श्रावणाआधी लेझर: बडोद्याच्या एका गुरुजींचं मधुमेही रेटिनोपॅथीचं प्रकरण

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारा आजार ओळखणं आता अवघड राहिलेलं नाही. उपचार आहेत, आणि बडोद्यासारख्या शहरात ते मिळतात. खरी अडचण येते ती हे उपचार माणसाच्या वर्षभराच्या कामाधामात बसवताना. कुठला उपचार चांगला, याचं उत्तर चाचण्यांच्या निष्कर्षांत मिळतं. समोरच्या माणसाला तो झेपेल का, हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. हे प्रकरण मी त्यासाठीच सविस्तर लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, निर्णयांमागची कारणं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत.

रुग्ण आणि तक्रार

रुग्ण ५७ वर्षांचे, पौरोहित्य करणारे. दांडिया बाजाराच्या बाजूला जुनं घर, तिथून रावपुरा, वाडी, मांजलपूरपर्यंत यजमान पसरलेले. बरेचसे मराठी, काही गुजराती. मधुमेह १३ वर्षांचा, रक्तदाब सात-आठ वर्षांचा. वटपौर्णिमेनंतर आठवड्याने ते आमच्याकडे आले. बरोबर काकू होत्या आणि मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरी करणारा मुलगा.

"उजव्या डोळ्यापुढे आधी काळे धागे तरंगायला लागले, मग धूर भरावा तसं झालं. दुखत मात्र काहीच नाही, ताई," गुरुजींनी सांगितलं. सुरुवात वटपौर्णिमेच्या आधीच झाली होती. पण त्या दिवसांत पूजा ठरलेल्या होत्या आणि डाव्या डोळ्याने काम भागत होतं. घरात सगळ्यांनी मोतिबिंदू धरला आणि पावसाळ्यानंतर बघू असं ठरलं. काकूंना ते पटलं नाही. रात्री जिना उतरताना गुरुजींचा हात भिंतीवर गेलेला त्यांनी पाहिला आणि मुलाला रजा टाकायला लावली.

गेल्या दोन वर्षांत चष्मा दोनदा बदलला होता. दोन्ही वेळा चष्म्याच्या दुकानात मशीनवर नंबर काढला गेला. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा कुणी पाहिला का, असं मी विचारलं. "थेंब? नाही हो." १३ वर्षांत एकदाही नाही. दोन वर्षांत दोनदा नंबर बदलणं हीच मधुमेही माणसाच्या बाबतीत एक खूण आहे. रक्तातली साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं-उतरतं आणि नंबर हलतो. अशा माणसाला नवा चष्मा देण्याआधी पडदा बघायला पाठवायला हवं. ते होत नाही याचा मला दर आठवड्याला संताप येतो.

तपासणीतली एक गोष्ट

आमच्या ऑप्टोमेट्रिस्टने, म्हणजे नजर मोजणाऱ्या सहकाऱ्याने, दूरची नजर घेतली. उजवा डोळा: अर्ध्या मीटरवरची बोटं कशीबशी मोजता येत होती. डावा: चष्म्यासह ६/१२, म्हणजे निरोगी डोळा बारा मीटरवरून वाचतो ते सहा मीटरवरून. मग जवळचं वाचन. मराठी मजकुराचा तक्ता हातात दिल्यावर गुरुजी तिसऱ्या ओळीला अडखळले. त्यांना ते पटेना. "मी तर रोज वाचतो," म्हणत त्यांनी पिशवीतून सत्यनारायणाची पोथी काढली आणि वाचायला लागले, एकसुरात, कुठेही न थांबता. ऑप्टोमेट्रिस्ट गुजराती, पण देवनागरी वाचणारा. थोडा वेळ ऐकून तो हळूच म्हणाला, "काका, आ तो बीजुं पानुं छे." सुटी पानं उलटताना दोन एकदम उलटली गेली होती. डोळ्यांसमोर पुढचं पान होतं, तोंडात आधीचं. पोथी सगळी पाठ होती.

त्या क्षणी मुलाचा चेहरा उतरला. काकूंचा नाही, त्यांना बहुधा आधीपासून शंका होती.

नजर कमी होत असताना ती कमी झालेली माणसाला कळत नाही, याची दोन कारणं या एकाच माणसात एकत्र आली होती. एक तर दोन डोळ्यांपैकी चांगला डोळा वाईटाचं काम उचलतो, म्हणून एकाची नजर गेली तरी महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. दुसरं, रोजचा मजकूर पाठ असला की तो वाचता येणं हा नजरेचा पुरावा राहत नाही. शिक्षक, कीर्तनकार, ठरावीक खतावणी लिहिणारे कारकून यांच्यातही मी हे पाहिलं आहे. म्हणून घरी तपासायचं तर एक डोळा तळहाताने झाकून, अनोळखी मजकूर घेऊन तपासावं. भिंतीवरचं कालनिर्णयही चालतं: एकेक डोळा झाकून तारखांच्या चौकटींकडे बघायचं. रेघ वाकडी दिसली, एखादं घर पुसट किंवा गायब वाटलं, तर पडद्याच्या मध्यभागी काही तरी बिघडलं आहे असं समजून दाखवायला यायचं.

थेंब घालण्याआधी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकावर, बाहुलीची कड पाहिली. मधुमेहात तिथेही नवीन रक्तवाहिन्या उगवू शकतात, त्यातून डोळ्याचा दाब भयंकर वाढतो, आणि एकदा थेंब घातले की त्या वाहिन्या नजरेतून निसटतात. इथे नव्हत्या. दाब उजवीकडे १८, डावीकडे २१, म्हणजे वरच्या हद्दीवर. आईला काचबिंदू होता हेही बोलण्यात आलं. ते पुढे उपयोगी पडलं.

थेंबांनंतर उजव्या डोळ्यात आतली जेली रक्ताने गढूळ झालेली, पडदा दिसेचना. मग डोळ्याची सोनोग्राफी. पडदा जागेवर होता, कुठे फाटलेला किंवा सुटलेला दिसला नाही. डाव्या डोळ्यात सगळं चित्र उघडं होतं: ठिपक्यांसारखे रक्तस्राव, मध्यबिंदूजवळ पिवळ्या चरबीच्या कणांचं कडं, आणि वरच्या मोठ्या शिरेच्या कडेला नाजूक, वेड्यावाकड्या नव्या वाहिन्यांचं जाळं. ओसीटीवर, म्हणजे पडद्याचे थर मोजणाऱ्या स्कॅनवर, मध्यभागाची जाडी ४१२ मायक्रॉन. निरोगी माणसात ती साधारण २५० ते २७० असते. फ्लुरोसिन डाय देऊन काढलेल्या फोटोंत कडेचा बराच पडदा रक्ताविना पडलेला दिसला आणि नव्या वाहिन्यांतून डाय भसाभसा गळताना दिसला.

निदान: दोन्ही डोळ्यांत प्रगत अवस्थेची, म्हणजे नव्या वाहिन्या फुटलेली मधुमेही रेटिनोपॅथी, उजवीकडे जेलीत रक्तस्राव, डावीकडे मध्यबिंदूला सूज.

दुसरं काय असू शकलं असतं

अचानक काळे धागे आणि धूर दिसणं हे एकाच आजाराचं लक्षण नाही. पन्नाशीनंतर जेली आकसून पडद्यापासून सुटते तेव्हाही धागे दिसतात, आणि बहुतेकांमध्ये ते निरुपद्रवी असतं. पण सुटताना तिने पडदा ओढून फाडला, तर डोळ्याच्या कोपऱ्यात विजा चमकतात, काळ्या ठिपक्यांचा सडा पडतो. मग फटीतून पाणी मागे शिरून पडदा सुटू लागला की एका बाजूने सावली सरकत येते. याला त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. मध्यबिंदू जागेवर असेपर्यंत शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचते, तो सुटल्यावर पूर्वीची नजर परत येईल याची खात्री राहत नाही. मोठा उणे नंबर असलेल्यांनी आणि डोळ्याला मार लागलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

रक्तदाबाच्या रुग्णांत पडद्याची शीर तुंबते, तेव्हा सकाळी उठल्यावर एका डोळ्याला अंधुक दिसतं. धमनी बंद पडली तर क्षणात अंधार होतो. तो मेंदूच्या झटक्याचाच भाऊबंद, थेट मोठं रुग्णालय गाठायचं. साठीपुढच्या माणसाला सरळ रेघ वाकडी दिसायला लागली तर वयानुसार होणारी मॅक्युलाची, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाची, झीज मनात आणावी लागते. तिच्या ओल्या प्रकारावर वेळेत इंजेक्शन मिळालं तर बरंच वाचवता येतं. यांतलं बहुतेक काही दुखत नाही. डोळा दुखत नाही म्हणून आजार किरकोळ असेल, हा समज पडद्याच्या बाबतीत अगदी उलटा पडतो.

गुरुजींच्या बाबतीत सोनोग्राफी आणि दुसऱ्या डोळ्याचं चित्र यांनी शंका मिटवली. दुसऱ्या डोळ्यात इतकी प्रगत रेटिनोपॅथी असताना या डोळ्यातलं रक्त त्याचंच असण्याची शक्यता सगळ्यात मोठी.

हे होतं कसं

गुरुजींना हे समजून घ्यायचं होतं, आणि ते नीट प्रश्न विचारत होते. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून ठेवणाऱ्या पेशी मरतात. भिंती सैल होतात, पाणी आणि चरबी झिरपते. मध्यबिंदूवर झिरपली तर सूज. काही वाहिन्या बंद पडतात, तिथला पडदा प्राणवायूविना उपाशी राहतो आणि व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो. त्याच्या हाकेला नव्या वाहिन्या उगवतात, पण कच्च्या, आणि जेलीला चिकटून. जेली जरा आकसली की त्या फुटतात. पुढे त्यांचे तंतू होऊन आकसले तर पडदाच ओढला जातो.

"शंखाने झालं का?" त्यांनी विचारलं. दोन महिन्यांपूर्वीच त्यांनी नवा शंख घेतला होता आणि पूजेच्या शेवटी तो दीर्घ फुंकत. प्रश्न अगदी योग्य होता. जोराने फुंकर घालताना, कुंथताना, जड उचलताना डोक्याच्या शिरांतला दाब वाढतो, आणि आधीच कच्ची असलेली वाहिनी त्याने फुटू शकते. आजार १३ वर्षांच्या साखरेचा, पण शंख तूर्त बंद. हे त्यांनी विनातक्रार ऐकलं. रात्री उशा उंच करून झोपायला सांगितलं, म्हणजे रक्त खाली बसतं.

आणखी एक गोष्ट निघाली. हृदयासाठी ते ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेत होते. डोळ्यात रक्त आल्यावर ओळखीच्या कुणीतरी ती थांबवायला सांगितली होती. अमेरिकेतल्या ईटीडीआरएस या मोठ्या अभ्यासात अ‍ॅस्पिरिनमुळे डोळ्यातला रक्तस्राव वाढत नसल्याचं स्पष्ट झालं आहे. हृदयाची गोळी डोळ्यासाठी बंद करायची नसते. ती त्याच दिवशी सुरू केली.

फिजिशियनकडून आलेले आकडे: एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ९.८, रक्तदाब १६०/९४, हिमोग्लोबिन १०.२, लघवीत प्रथिनं, आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.५. मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्याही पडद्यासारख्याच बिघडतात, म्हणून एकाची तपासणी करताना दुसऱ्याची केलीच पाहिजे. मधुमेहाच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन होती. शरीरात पाणी धरून ठेवण्याचा तिचा स्वभाव आहे आणि तिने मध्यबिंदूची सूज वाढू शकते. फिजिशियनने ती बदलली. साखर मात्र एकदम खाली आणू नका, अशी विनंती मी केली. खूप दिवस वाढलेली साखर झपाट्याने उतरवली तर सुरुवातीच्या महिन्यांत रेटिनोपॅथी बळावू शकते.

निर्णय

या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

डाव्या डोळ्यात दोन कामं होती. सुजेसाठी व्हीईजीएफला रोखणारं इंजेक्शन लागणारच होतं. प्रश्न नव्या वाहिन्यांचा होता. त्यांवर दोन मार्ग आहेत. जुना मार्ग म्हणजे पडद्याच्या कडेच्या भागावर सर्वत्र लेझरचे डाग. १९७६ साली अमेरिकेतल्या डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडीने दाखवून दिलं की यामुळे गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून जास्त कमी होतो. गुरुजींना मी सांगितलं, पाणी कमी असलं की बाग जगवायला कडेचे काही वाफे सोडून द्यावे लागतात, तसं आपण मध्यबिंदूसाठी कडेचा उपाशी पडदा सोडून देतो. किंमतही सांगितली: रात्रीचं आणि बाजूचं थोडं कमी दिसेल, आणि आधी सूज न उतरवता लेझर केलं तर ती वाढू शकते.

नवा मार्ग म्हणजे फक्त इंजेक्शनं. २०१५ साली डायबेटिक रेटिनोपॅथी क्लिनिकल रिसर्च नेटवर्कची चाचणी प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनंतर फक्त रॅनिबिझुमॅब हे व्हीईजीएफला रोखणारं इंजेक्शन घेणाऱ्यांची नजर लेझरवाल्यांपेक्षा कमी पडली नाही, आणि बाजूची नजर जास्त वाचली. कागदावर गुरुजी या मार्गासाठी अगदी योग्य उमेदवार होते. सूज होतीच, इंजेक्शनं लागणारच होती. मग लेझर कशाला?

मी त्यांना पुढच्या सहा महिन्यांचं विचारलं. त्यांनी पिशवीतून वही काढली. तारखा नव्हत्या, तिथ्या होत्या. श्रावण भरलेला: सोमवार, मंगळागौरी, सत्यनारायण. भाद्रपदात गणपती, गौरी, मग पितृपंधरवडा, त्यात तर दिवसाला दोन-तीन घरं. अश्विनात नवरात्र, मग दिवाळी. "श्रावण लागला की तुळशीचं लग्न होईस्तोवर मला श्वास घ्यायला फुरसत नसते. वर्षाचं घर या चार महिन्यांवर चालतं." त्यात त्यांची टाळाटाळ नव्हती. एका इंजेक्शनसाठी अख्खा दिवस जातो, मुलाची अर्धी रजा जाते, आणि एक यजमान एकदा दुसरीकडे गेला की पुढच्या वर्षीही तिकडेच जातो.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाच रुग्णांकडे पाहिलं होतं, जे उपचार मध्येच सोडून सहा महिन्यांहून अधिक काळ आले नाहीत. फक्त इंजेक्शनं घेतलेल्यांची अवस्था लेझर झालेल्यांपेक्षा बरीच वाईट निघाली. पडदा ओढला जाऊन सुटण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं. इंजेक्शनचा अंमल आठवड्यांचा असतो, लेझरचा कायमचा. जो माणूस चार महिने येऊ शकणार नाही हे मला आजच माहीत आहे, त्याला दर महिन्याला येण्यावर उभा असलेला उपचार देणं मला मान्य नव्हतं.

श्रावण लागायला पाच आठवडे होते. त्यात दोन्ही डोळ्यांचं मुख्य काम उरकायचं असं आम्ही चौघांनी मिळून ठरवलं.

स्टेरॉइडच्या कांडीचा पर्यायही चर्चेत होता. डेक्सामेथासोनची ती कांडी डोळ्यात तीन-चार महिने विरघळत राहते, म्हणून दर महिन्याला येऊ न शकणाऱ्याला सोयीची वाटते. पण तिने दाब वाढतो, मोतिबिंदू लवकर येतो. दाब आधीच २१, आईला काचबिंदू, आणि दाबाची तपासणी करायलाही हेच रुग्ण चार महिने येणार नाहीत. तो पर्याय बाजूला ठेवला.

उपचार

पहिलं इंजेक्शन चार दिवसांनी. डोळ्यात सुई या कल्पनेनेच काकूंना घेरी आली होती. प्रत्यक्षात डोळा थेंबांनी बधिर करतात, पोव्हिडोन आयोडीनने धुतात, आणि पांढऱ्या भागातून केसासारख्या सुईने ०.०५ मिलिलिटर औषध आत जातं. काही सेकंदांचं काम. "झालं?" गुरुजींनी विचारलं. आम्ही भारतात बनलेलं रॅनिबिझुमॅब वापरलं. ते २०१५ पासून इथे मिळतं आणि मूळ औषधापेक्षा स्वस्त पडतं. जंतुसंसर्गाचा धोका फार कमी, काही हजारांत एखादा, पण झाला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून घरी एकच सूचना मोठ्या अक्षरांत लिहून दिली: पुढच्या आठवड्यात डोळा दुखू लागला, लालबुंद झाला किंवा नजर उतरली तर रात्रीही फोन करायचा. अंघोळ गळ्याखालून, डोळ्यात पाणी नाही, होमाच्या धुरासमोर बसायचं नाही. आचमनाला काहीच हरकत नव्हती, तेही त्यांनी विचारून घेतलं.

दोन आठवड्यांत जाडी ३२२ वर आली. मग आठवड्याच्या अंतराने लेझरच्या तीन बैठका, मिळून सुमारे १५०० डाग. पहिल्या बैठकीत ते मनाला आधार म्हणून अथर्वशीर्ष पुटपुटायला लागले. हनुवटी टेकवलेली असताना जबडा हलला की डोकं हलतं, आणि लेझरमध्ये ते चालत नाही. मनातल्या मनात म्हणा, असं सांगावं लागलं. मधल्या विश्रांतीत मी त्यांना या उपचाराचा उगम सांगितला. १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे नुसत्या डोळ्यांनी बघून पडदा भाजलेला एक रुग्ण गेर्हार्ड मायर-श्विकेराथ या जर्मन डॉक्टरांनी पाहिला आणि त्यांना सुचलं की असं भाजणं हवं तिथे, हवं तेवढं करता आलं तर उपचार होईल. त्यांनी आधी सूर्यप्रकाश वापरला, मग झेनॉनचा दिवा. लेझर नंतर आलं. ग्रहणाला यजमान फोन करून काय पाळायचं विचारतात तेव्हा हेही सांगेन, असं गुरुजी म्हणाले.

उजव्या डोळ्यातलं रक्त चार आठवड्यांत जेमतेम विरलं. पूर्वी अशा रक्ताला तीन-तीन महिने वाट पाहत. आता ज्या डोळ्याला आधी कधीच लेझर झालेलं नाही, तिथे मी लवकर शस्त्रक्रिया करते. गढूळ जेलीमागे नव्या वाहिन्या काय करत आहेत हे दिसत नाही आणि लेझरही करता येत नाही. रक्तदाब १३८/८४ वर आल्यावर, आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात विट्रेक्टॉमी, म्हणजे जेली काढण्याची शस्त्रक्रिया, केली. तीन दिवस आधी त्या डोळ्यात इंजेक्शन दिलं होतं, म्हणजे कापताना वाहिन्या कमी रक्ताळतात. जागा बधिर करून, तीन सूक्ष्म छिद्रांतून गढूळ जेली कापून ओढून घेतली, आतूनच पूर्ण लेझर केलं. पडदा ओढलेला नव्हता, त्यामुळे सिलिकॉन तेल किंवा गॅस भरावा लागला नाही आणि पालथं झोपून राहण्याची शिक्षाही टळली. खर्च आयुष्मान कार्डावर झाला. श्रावणातले पहिले दोन आठवडे त्यांच्या पुतण्याने निभावले.

काळ पुढे गेला तसं

गणपतीच्या आदल्या आठवड्यात ते आले तेव्हा उजवा डोळा ६/१८, डावा ६/९. डाव्यात तोपर्यंत तीन इंजेक्शनं झाली होती. उजव्याची नजर पूर्ण का आली नाही हेही सांगितलं: मध्यबिंदूच्या काही वाहिन्या कायमच्या बंद झाल्या होत्या. जे उपाशी राहून मेलं ते परत येत नाही.

पुढची तारीख चार आठवड्यांनी होती. ते आले नाहीत. आमच्याकडून इंग्रजीत मेसेज गेले, फोन पूजेत बंद असायचा. आले ते तुळशीचं लग्न आटोपल्यावर, म्हणजे जवळजवळ अडीच महिन्यांनी.

डाव्या डोळ्याची जाडी ३८८, नजर ६/१८. सूज परतली होती. पण नव्या वाहिन्या? त्या सुकून पांढऱ्या तंतूंसारख्या झाल्या होत्या. अडीच महिन्यांत ना एक थेंब रक्त, ना कुठे ओढ. उजवा डोळाही स्वच्छ. लेझर नसतं तर इतक्या दिवसांच्या खंडानंतर हाच डोळा रक्ताने भरून आला असता अशी भीती मला वाटते. एकाच माणसावरून ते सिद्ध करता येत नाही हेही खरं. सुजेवर पुन्हा इंजेक्शनं सुरू केली. दोन झाल्यावर जाडी ३०५, नजर ६/१२, आणि जवळचा तक्ता, पाठ नसलेला, ते एन-८ पर्यंतच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचतात.

खाण्याचा प्रश्न काकूंनी हातात घेतला. यजमानाच्या घरचं पान नाकारलं तर त्याला वाईट वाटतं, आणि बडोद्याच्या पंगतीत वरणातही गूळ असतो. पितृपंधरवड्यात दिवसाला दोन घरची जेवणं. त्यांनी यजमानांच्या घरच्या बायकांनाच सांगून टाकलं: गुरुजींच्या पानात भाजी, कोशिंबीर, वरण जास्त, भात मूठभर, गोड नखाएवढं. कुणाला राग आला नाही. बहुतेक घरांत कुणी ना कुणी मधुमेही निघालं. एकादशीला उपास आणि वर ग्लिमेपिराइडची गोळी, यामुळे त्यांची साखर दुपारी उतरायची, हात थरथरायचे. फिजिशियनने उपासाच्या दिवशीची मात्रा वेगळी लिहून दिली. एचबीए१सी आता ७.९ आहे.

पुढच्या तारखांची पद्धतही बदलली. आमचे मेसेज बंद केले. आता इंजेक्शनची वेळ गुरुजींच्या वहीत तिथीने लिहिली जाते, यजमानाच्या रकान्यात, आणि त्या दिवशी दुसरं काम घेतलं जात नाही. ते स्वतःच पान उघडून समोर ठेवतात आणि आम्ही मोकळी तिथी शोधतो.

त्यांच्या धाकट्या भावालाही मधुमेह आहे, सहा वर्षांचा, नजर ६/६. थेंब घालून पाहिल्यावर दोन्ही डोळ्यांत सुरुवातीच्या अवस्थेचे ठिपके निघाले. त्याला आत्ता लेझर नको, इंजेक्शन नको. साखर, रक्तदाब आणि दर वर्षी पडद्याची तपासणी एवढंच. टाइप २ मधुमेहात ही तपासणी निदान झालं त्याच वर्षापासून सुरू करायची असते, कारण निदानाआधी साखर किती वर्षं वाढलेली होती हे कुणालाच ठाऊक नसतं. टाइप १ मध्ये पहिल्या पाच वर्षांत, आणि मधुमेही स्त्रीला दिवस राहिले तर पहिल्याच तिमाहीत.

गुरुजींच्या उजव्या डोळ्यात आता मोतिबिंदू वाढतो आहे. पन्नाशीपुढच्या माणसात विट्रेक्टॉमीनंतर एक-दोन वर्षांत तो बहुतेक वेळा येतो, आणि हे आधी सांगितलेलं होतं. तो काढताना मध्यबिंदू कोरडा हवा, नाहीतर शस्त्रक्रियेनंतर सूज उसळते. डाव्या डोळ्याचं पुढचं इंजेक्शन दत्तजयंतीनंतर आहे. तेव्हाच उजव्याची ओसीटी पाहून मोतिबिंदूची तारीख ठरवायची. चैत्रातल्या मुंजी-लग्नांच्या आधी ती बसेल असं वहीत दिसतं आहे.